'यूएसआर'चा इतिहास: एका भरलेल्या डिस्कची कथा

युनिक्स आणि त्याच्या वंशातील संगणकप्रणाली वापरणाऱ्याला मूळ डिरेक्टरीत शिरताच दोन नावे भेटतात: 'बिन' आणि 'यूएसआर'. 'बिन'मध्ये रोजच्या वापरातल्या आज्ञा असतात. 'यूएसआर'च्या पोटात डोकावले तर तिथे आणखी एक 'बिन' आढळते, आणि तिच्यातही आज्ञाच असतात. लिनक्सच्या अनेक पिढ्यांत फायलींची यादी देणारी 'एलएस' ही आज्ञा बाहेरच्या 'बिन'मध्ये होती, तर ओळी आणि शब्द मोजणारी 'डब्ल्यूसी' आतल्या 'बिन'मध्ये. दोन्ही सारख्याच साध्या. दोघींचीही नोंद १९७१ सालच्या पहिल्याच माहितीपुस्तिकेत सापडते. मग एकीला ओसरीवर आणि दुसरीला माजघरात जागा कोणी दिली, आणि कोणत्या न्यायाने?

या प्रश्नाची उत्तरे पुष्कळ आहेत, आणि ती परस्परांशी जुळत नाहीत. आमचा विषय मराठी. यंत्रांच्या अंतरंगाविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा वकूब नाही. तरीही हा प्रश्न आम्हांला ओळखीचा वाटला. मूळ कोणते आणि मागाहून घुसलेले कोणते, जुन्या शब्दाला नवा अर्थ कधी चिकटला, प्रचलित कथा समकालीन कागदाशी जुळते की नाही, हे प्रश्न पाठचिकित्सेचे आहेत. इथे केवळ संहितेच्या जागी डिस्क आहे.

कथेची सुरुवात न्यू जर्सीतील मरे हिल येथे, बेल लॅबोरेटरीजमध्ये होते. 'मल्टिक्स' या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून बेल लॅब्जने १९६९ मध्ये अंग काढून घेतले, आणि केन टॉम्पसन यांनी त्याच वर्षी पीडीपी-७ या बाजूला पडलेल्या छोट्या यंत्रावर युनिक्सची पहिली मांडणी केली. डेनिस रिची त्यांचे सहकारी. दोघांना अधिक मोठे यंत्र हवे होते. पण मल्टिक्सने हात पोळलेल्या व्यवस्थापनाकडे 'आम्हांला नवी संगणकप्रणाली लिहायची आहे' म्हणून पैसे मागण्याची सोय नव्हती. तेव्हा त्यांनी मजकूर लिहिण्याची आणि छापण्याची साधने तयार करून देतो, असा प्रस्ताव मांडला. तो मंजूर झाला. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही की युनिक्सला पहिले नवे यंत्र मिळाले ते मजकुराच्या नावावर.

पीडीपी-११ हे ते यंत्र १९७० च्या उन्हाळ्याच्या अखेरीस आले. पण ते बाजारात इतके नवे होते की त्याला जोडायची डिस्क डिसेंबरपर्यंत मिळालीच नाही. रिची यांनी पुढे नोंदवले आहे, की मधल्या काळात ते यंत्र एका कोपऱ्यात बसून सहा गुणिले आठ घरांच्या पटावर बुद्धिबळाच्या घोड्याच्या बंद फेऱ्या किती होतात ते मोजत होते. काम तीन महिन्यांचे होते. डिस्क नसलेल्या संगणकाने तरी दुसरे काय करावे!

डिस्क आली ती अर्ध्या मेगाबाइटची, म्हणजे ५१२ किलोबाइटची. आजच्या वाचकाला हा आकडा समजावा म्हणून एक हिशेब मांडतो. युनिकोडच्या आज रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्या मानाने प्रस्तुत लेख साधारण ४५ किलोबाइटचा होईल. असे दहा-बारा लेख साठवले की ती डिस्क काठोकाठ भरली असती. प्रणालीला, आज्ञांना, वापरणाऱ्यांच्या फायलींना तसूभरही जागा उरली नसती. यंत्राची स्मृती २४ किलोबाइट. त्यांतील १६ प्रणालीला आणि ८ वापरणाऱ्याच्या कार्यक्रमाला. म्हणजे हा लेख त्या यंत्राच्या स्मृतीत मावलाही नसता.

एवढ्याशा यंत्रावर १९७१ च्या उत्तरार्धात बेल लॅब्जच्या पेटंट विभागातील तीन टंकलेखक दिवसभर पेटंटचे अर्ज टंकत, दुरुस्त करीत आणि छापण्यायोग्य करीत बसत, आणि त्याच वेळी टॉम्पसन व रिची त्याच यंत्रावर आपले प्रयोग चालवीत. एका कार्यक्रमाने दुसऱ्याच्या स्मृतीत पाय ठेवू नये यासाठी लागणारे संरक्षण यंत्रात नव्हते. नवा कार्यक्रम चालवून पाहायचा तर सगळी प्रणाली कोसळण्याची जोखीम. आणि दर काही तासांनी टंकलेखकांचा मजकूर टेपवर उतरवून डिस्क रिकामी करावी लागे. जागेच्या टंचाईचे हे वर्णन प्रत्यक्ष त्यात राहिलेल्या माणसाचे आहे, म्हणून आम्हांला मोलाचे वाटते. पुढे जे घडले त्याचे बीज या टंचाईत आहे.

डिस्क लहान पडली तर दुसरी जोडावी, हे कोणालाही सुचेल. पण दुसरी डिस्क वापरणाऱ्याला दिसावी कशी? अनेक प्रणालींत प्रत्येक डिस्कला स्वतंत्र नाव असते आणि फाईल कोणत्या डिस्कवर आहे हे वापरणाऱ्याने सांगायचे असते. युनिक्सने निराळा मार्ग धरला. फायलींचे झाड एकच. दुसऱ्या डिस्कवरील झाडाचे कलम पहिल्या झाडाच्या एखाद्या फांदीवर करायचे. या कलमालाच 'माउंट' म्हणतात. एकदा कलम झाले की वापरणारा त्या फांदीवरून चालत जातो आणि आपण एका डिस्कवरून दुसरीवर कधी गेलो हे त्याला कळतही नाही. ही फांदी म्हणजे 'यूएसआर'. त्या सुरुवातीच्या काळातील 'इनिट' या कार्यक्रमाची संहिता आज वाचायला मिळते. यंत्र सुरू झाल्यावर चालणाऱ्या या पहिल्या कार्यक्रमात दुसरी डिस्क 'यूएसआर'वर जोडण्याची सूचना थेट लिहून ठेवलेली आहे.

'यूएसआर' या नावाचा अर्थही तिथेच उलगडतो. 'यूएसआर' म्हणजे 'यूजर', वापरणारा. 'ई' तेवढा गाळलेला. अक्षरे वाचवण्याची या मंडळींना सवयच होती. नवी फाईल निर्माण करणाऱ्या सूचनेचे नाव त्यांनी 'क्रिएट' या इंग्रजी शब्दातला शेवटचा 'ई' टाकून ठेवले. पुन्हा युनिक्स लिहायचे झाले तर काय बदलाल, असे विचारल्यावर टॉम्पसन यांनी तो 'ई' परत लिहीन असे उत्तर दिल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. तर, 'यूएसआर'खाली वापरणाऱ्यांची घरे होती: 'केन' नावाची टॉम्पसन यांची, 'डीएमआर' नावाची रिची यांची. प्रणालीचा संसार पहिल्या डिस्कवर आणि माणसांचा दुसरीवर, अशी ही सरळ वाटणी होती.

पण प्रणाली वाढत गेली. लोक नव्या आज्ञा लिहीत होते आणि पहिल्या डिस्कवर त्यांना जागा नव्हती. जागा होती ती दुसऱ्या डिस्कवर, माणसांच्या घरांशेजारी. मग तिथेच एक 'बिन' उघडली गेली. पहिल्या 'बिन'मध्ये न मावलेल्या आज्ञा या दुसऱ्या 'बिन'मध्ये आल्या. पाठोपाठ ग्रंथालयांसाठी दुसरी 'लिब', तात्पुरत्या फायलींसाठी दुसरी 'टीएमपी'. घर अपुरे पडले म्हणून परसात एक खोली काढावी आणि तिथेही चूल मांडावी, तशातला प्रकार.

ही दुसरी चूल प्रणालीच्या वागण्यात कशी मुरली, हे पाहण्याजोगे आहे. १९७४ च्या जुलैमध्ये टॉम्पसन आणि रिची यांनी युनिक्सवरील आपला प्रसिद्ध निबंध छापला, तेव्हा 'शेल'चा नियम असा सांगितला होता: टंकलेले नाव जसेच्या तसे शोधावे, न सापडल्यास त्यामागे 'बिन' लावून पुन्हा शोधावे. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीतील शेल तीन ठिकाणी शोधतो: आहे त्या जागी, मग 'बिन'मध्ये, मग 'यूएसआर'मधील 'बिन'मध्ये. त्याची युक्ती मोठी गंमतीची आहे. शेल आधी लांब नाव, म्हणजे 'यूएसआर'मधील 'बिन'पासूनचा पूर्ण मार्ग, लिहून घेतो. मग त्यातील पहिली चार चिन्हे, म्हणजे तिरकी रेघ आणि 'यूएसआर'ची तीन अक्षरे, सोडून उरलेले वाचतो. ते आपोआप बाहेरच्या 'बिन'चे नाव असते. तिथे न मिळाल्यास चार चिन्हे मागे येऊन पूर्ण नाव वाचतो. दोन नावे साठवायची गरजच नाही. जागेच्या टंचाईतून दोन 'बिन' झाल्या, आणि तशाच टंचाईत वाढलेल्या हातांनी त्या दोन्ही एका ओळीत बसवल्या.

या वाटणीत एक पथ्य मात्र पहिल्या दिवसापासून पाळावे लागले. यंत्र सुरू होताना फक्त पहिली डिस्क हाताशी असते. दुसरी जोडण्याची आज्ञा जर दुसरीवरच ठेवली, तर कपाटाची किल्ली कपाटात ठेवून दार लोटून घेतल्यासारखे होईल. म्हणून दुसरी डिस्क जोडण्यास आणि ती बिघडल्यास दुरुस्त करण्यास जे जे लागते ते पहिलीवर असले पाहिजे. बाकीचे कुठेही चालेल. दोन 'बिन'मधील सगळ्या भेदाचे तर्कशुद्ध असे मूळ सूत्र एवढेच.

इथपर्यंतची हकीकत आज बऱ्याच जणांना माहीत आहे, आणि त्याचे श्रेय रॉब लँडली या लिनक्सच्या प्रोग्रामरच्या एका टिपणाला जाते. २०१० च्या डिसेंबरात लिहिलेल्या त्या टिपणात त्यांनी सांगितले, की १९७१ च्या सुमारास आरके०५ जातीच्या, दीड-दीड मेगाबाइटच्या दोन डिस्क होत्या. पहिली भरली म्हणून प्रणाली दुसरीवर सांडली. पुढे तिसरी मिळाली तेव्हा माणसांची घरे 'होम' नावाने तिच्यावर हलवली. आणि पुढच्या पिढ्यांनी या तडजोडीभोवती तत्त्वज्ञान रचले. टिपण खुसखुशीत आहे. ते जगभर वाचले गेले, आणि आता बहुधा तेच इतिहास म्हणून सांगितले जाते.

तथापि ते समकालीन कागदांशी ताडून पाहिले की काही धागे सुटतात. रिची यांच्या आठवणीत १९७१ ची डिस्क एकच आहे आणि ती अर्ध्या मेगाबाइटची. १९७४ च्या निबंधात यंत्र पीडीपी-११/४५ आहे, आणि तिथे लेखकांनी आपल्या डिस्कची यादीच दिली आहे: एक मेगाबाइटची एक स्थिर डिस्क, अडीच मेगाबाइटची तबकडी काढता-घालता येणारी चार यंत्रे, आणि ४० मेगाबाइटचे एक मोठे यंत्र. मूळ डिरेक्टरी स्थिर डिस्कवर होती. वापरणाऱ्यांच्या फायली ४० मेगाबाइटच्या मोठ्या डिस्कवर, आणि ती सुरुवातीलाच जोडली जाई. अडीच मेगाबाइटच्या चार डिस्क ज्याला आपापली तबकडी लावायची असेल त्याच्यासाठी होत्या. म्हणजे लँडली ज्यांना नायक करतात त्या काढत्या-घालत्या तबकड्या या साक्षीत दुय्यम आहेत. 'होम'ची गोष्टही तशीच. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील डिरेक्टऱ्यांचे वर्णन पाहिले तर वापरणाऱ्यांची घरे 'यूएसआर'खालीच आहेत, आणि 'यूएसआर'चे वर्णन 'सर्वसाधारण उपयोगाची, बहुधा जोडलेली डिस्क' अशा आशयाचे आहे. माणसे 'यूएसआर'मधून बाहेर पडली ती पुष्कळ नंतर, आणि ती बेल लॅब्जच्या तिसऱ्या डिस्कमुळे पडली असे या कागदांवरून म्हणता येत नाही.

तपशिलाच्या या चुकांनी लँडली यांचा मुख्य मुद्दा कोसळत नाही. जागा संपली होती म्हणून वाटणी झाली, हे खरेच आहे. आमची हरकत वेगळी आहे, आणि ती त्यांच्या निष्कर्षाला आहे. ही वाटणी आरंभी अपघाताने झाली, सबब पुढे तिला दिलेली सारी कारणे मागाहून रचलेली आणि म्हणून पोकळ, असे ते सुचवतात.

आपल्याकडे श्राद्धाच्या दिवशी मांजर डालग्याखाली झाकणाऱ्या घराची गोष्ट सांगतात. सासूने मांजर पानात तोंड घालील म्हणून झाकले. सुनेने ते पाहिले. पुढे मांजर नसलेल्या घरात शेजारून मांजर आणून झाकू लागले. लँडली यांचा युक्तिवाद याच गोष्टीच्या साच्यातला आहे. ही गोष्ट आम्हीही वर्गात कैकदा सांगितली आहे, आणि मूळ शोधून काढण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना तिचा मोह होतोच. शब्दाचे मूळ सापडले की शब्दाचा अर्थ सापडला असे वाटते. प्रथेचे मूळ क्षुल्लक निघाले की प्रथा निकालात निघाली असे वाटते.

'यूएसआर'च्या बाबतीत पोकळ कारणेही आहेत, यात शंका नाही. 'यूएसआर' म्हणजे 'युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस' असे विग्रह करून सांगणारे अनेक शिक्षक आणि पुस्तके सापडतील. ही निखळ लोकव्युत्पत्ती. माणसे निघून गेली आणि नाव मात्र माणसांचेच राहिले. मग त्या तीन अक्षरांतून प्रणालीचा अर्थ पिळून काढणे भाग पडले. अशा ठिकाणी दुरुस्ती करावी आणि पुढे जावे.

परंतु १९८० च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्सच्या यंत्रांवर जे झाले ते लोकव्युत्पत्तीच्या जातीचे नव्हते. डिस्क महाग होत्या. सनने स्वतःची डिस्क नसलेली यंत्रे विकली. ती जाळ्यावरून दुसऱ्या यंत्राची डिस्क वापरीत. 'यूएसआर'मध्ये प्रणालीचा बहुतेक सगळा भाग एकत्र होता आणि तो प्रत्येक यंत्राला सारखाच लागत असे. मग त्याची एकच प्रत ठेवून अनेक यंत्रांना वाचायला द्यावी, आणि प्रत्येक यंत्राला आपापली छोटी मूळ डिरेक्टरी द्यावी, ही सोय उघड होती. त्यासाठी 'यूएसआर'मध्ये कोणी काही लिहिता कामा नये. म्हणून टपाल, छपाईच्या रांगा, नोंदवह्या यांसारख्या बदलत्या गोष्टी तिच्यातून काढून 'व्हार' या नव्या डिरेक्टरीत नेल्या. टंचाईतून पडलेल्या भिंतीला इथे खरेखुरे काम मिळाले. १९७१ मध्ये ते काम कोणाच्या मनातही नव्हते, पण म्हणून ते खोटे ठरत नाही.

दुसरे काम दुरुस्तीचे, आणि त्याची साक्ष आम्ही स्वतः देऊ शकतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्याकडील एका जुन्या लिनक्स यंत्राची डिस्क भरली. एक जास्तीची डिस्क मिळाली, आणि 'यूएसआर' तिच्यावर हलवण्याचे आम्ही ठरवले. कृती तशी सोपी. इतर सर्वांना बाहेर काढून यंत्र एकट्याच्या अवस्थेत आणायचे. नवी डिस्क तात्पुरती कुठेतरी जोडायची. मालकी, परवानग्या आणि दुवे जसेच्या तसे राखून सगळे तिच्यावर उतरवायचे. जुन्या 'यूएसआर'चे नाव बदलून ठेवायचे. त्या जागी रिकामी 'यूएसआर' करून नवी डिस्क तिच्यावर जोडायची. आणि पुढच्या वेळी हे आपोआप व्हावे म्हणून 'एफएसटॅब' या फाईलीत एक ओळ लिहायची. नाव बदलण्याची पायरी गाळून नवी डिस्क थेट जुन्यावर जोडली, तर जुना मजकूर तिच्याखाली झाकला जातो. तो दिसत नाही, पण जागा अडवून बसतो. ज्या डिस्कची जागा मोकळी करायची ती भरलेलीच राहते आणि कारण समजत नाही. हे आम्हांला आधी वाचून ठाऊक होते, म्हणून ती चूक आम्ही केली नाही.

चूक केली ती त्या एका ओळीत. डिस्कच्या नावात एक आकडा चुकीचा पडला. यंत्र पुन्हा सुरू केले, तर 'यूएसआर' जोडली गेली नाही आणि पडदा अर्ध्यावर थांबला. ओळ दुरुस्त करायची, तर आमच्या सवयीचा 'विम' हा संपादक 'यूएसआर'मधल्या 'बिन'मध्ये, म्हणजे न जोडलेल्या डिस्कवर! माहितीची पाने तिथेच. मदतीला होते ते बाहेरच्या 'बिन'मधले चार-दोन सेवक: 'कॅट', 'इको', 'माउंट'. मूळ डिस्क लिहिण्यायोग्य करून घेतली, जुनी फाईल पडद्यावर वाचली, आणि 'इको'ने ओळ-ओळ लिहून नवी रचली. तास-दीड तास गेला. आज्ञांची ती निवड कोणत्या न्यायाने झाली, हा या लेखाच्या आरंभीचा प्रश्न त्या संध्याकाळी आम्हांला मुळीच पडला नाही. 'माउंट' आत असती तर आमचे काय झाले असते, हे मात्र लख्ख समजले.

लिनक्सच्या जगाने हाच न्याय लिखित केला होता. डिरेक्टऱ्यांची मांडणी ठरवणारे पहिले प्रमाणपत्रक १९९४ च्या फेब्रुवारीत निघाले, आणि पुढे 'एफएचएस' या नावाने त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. यंत्र सुरू करायला, सावरायला आणि दुरुस्त करायला जे पुरेसे ते मूळ डिरेक्टरीत. 'यूएसआर'मध्ये वाटून घेता येण्याजोगे आणि केवळ वाचायचे ते. असा त्याचा आशय. भाषा जवळजवळ स्मृतिग्रंथांची आहे, आणि ती वाचताना हे सगळे कोणी प्रथमपासून योजले असावे असा भास होतो. लँडली यांना राग येतो तो या भासाचा, आणि तेवढ्यापुरते आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत.

भिंत पडली ती मात्र तिचे मूळ उघडकीला आल्यामुळे नव्हे. ती पडली कारण तिची कामे एकेक करून दुसऱ्यांनी उचलली. डिस्क स्वस्त आणि अवाढव्य झाल्या. लिनक्स सुरू होताना 'इनिटरॅमएफएस' नावाची एक छोटी प्रणाली थेट स्मृतीत उतरू लागली. खऱ्या डिस्क शोधणे, जोडणे, तपासणे हे काम तीच करू लागली. म्हणजे १९७१ मध्ये जी जबाबदारी पहिल्या डिस्कची होती ती स्मृतीतल्या या पाहुणीकडे गेली. दुसरीकडे, यंत्र सुरू होतानाच नाना उपकरणे ओळखणारे कार्यक्रम 'यूएसआर'मधील फायलींवर विसंबू लागले, आणि 'यूएसआर'वाचून यंत्र सुरू होते हे केवळ कागदावर उरले. २०१२ च्या मेमध्ये आलेल्या फेडोरा १७ ने बाहेरची 'बिन' आतल्या 'बिन'मध्ये विलीन केली आणि बाहेर फक्त एक दुवा ठेवला. सनने हेच १९८८ मध्ये सनओएस ४.० मध्ये केले होते. त्या वेळी त्याची चर्चा लिनक्सवाल्यांत व्हायची तर लिनक्सच जन्मायचे होते.

डेबियनला याला अधिक काळ लागला, आणि वादही पुष्कळ झाले. तिथला पेच तत्त्वाचा कमी आणि नोंदींचा जास्त होता. दुव्यामुळे एकाच फाईलीला दोन मार्ग होतात. पण कोणत्या पुडक्याने कोणती फाईल आणली याची नोंदवही ठेवणाऱ्या 'डीपीकेजी'ला ते दोन मार्ग एकच आहेत हे कळत नव्हते. एका मार्गाने हलवलेली फाईल दुसऱ्या मार्गाच्या नोंदीमुळे पुसली जाण्याचा धोका होता. शेवटी २०२३ च्या जूनमधील डेबियन १२ पासून विलीन मांडणी हीच एकमेव मान्य मांडणी ठरली.

विलीनीकरण 'यूएसआर'च्या आत का, बाहेर का नाही, असे कोणी विचारील. बाहेरही करता आले असते: हर्ड या कर्नलवरील डेबियनमध्ये दीर्घकाळ 'यूएसआर' हाच मूळ डिरेक्टरीकडे परत वळणारा दुवा होता. पण सगळी प्रणाली एकाच डिरेक्टरीत असली की ती एका झटक्यात बदलता येते, कुलूपबंद ठेवता येते, अनेकांना वाटता येते. सनच्या दशकातील कारण इथे नव्या कपड्यांत परत आलेले दिसते.

खुद्द बेल लॅब्जमधल्या मंडळींनी काय केले, हे सांगायचे राहिले. युनिक्सनंतर तिथे 'प्लॅन ९' ही नवी प्रणाली घडली. टॉम्पसन तिच्या कर्त्यांपैकी एक. १९९२ मध्ये ती विद्यापीठांना दिली गेली. तिच्यात 'यूएसआर' आहे, आणि तिच्याखाली पुन्हा माणसांचीच घरे आहेत, तीच गाळलेल्या 'ई'ची तीन अक्षरे घेऊन. 'बिन' एकच आहे. निरनिराळ्या ठिकाणच्या आज्ञा हव्या तर त्या डिरेक्टऱ्या एकमेकींवर पसरून एकाच 'बिन'मध्ये दाखवल्या जातात. कोणती आज्ञा कोणत्या डिस्कवर आहे हे शोधणाऱ्याला विचारावे लागत नाही.

ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडी यांच्यात दोन्ही 'बिन' अजून वेगळ्या आहेत. ओपनबीएसडी तर प्रणाली बसवताना डिस्क पुरेशी मोठी असल्यास 'यूएसआर'साठी आपणहून वेगळा विभाग पाडते. लिनक्सच्या बहुतेक यंत्रांवर मात्र मूळ डिरेक्टरीची तपशीलवार यादी मागितली, तर 'बिन'पुढे तिचा आकार म्हणून सात हा आकडा छापून येतो. 'यूएसआर'ची तीन अक्षरे, एक तिरकी रेघ आणि 'बिन'ची तीन अक्षरे, एवढाच मजकूर आता तिथे साठवलेला असतो.